सामान्य माणसाची शोकात्मिका : विली लोमन आणि सुधाकर



आजच्या व्याख्यानाचा विषय कागदावर अमेरिकन नाटकाचा आहे. पण गौलीगुड्यात, मराठी श्रोत्यांसमोर तो मांडायचा तर तो अमेरिकेतच ठेवून चालणार नाही. साधा, पगारावर जगणारा, चारचौघांसारखा माणूस शोकात्मिकेचा नायक होऊ शकतो का, हा प्रश्न अमेरिकेत १९४९ साली मोठ्या आवाजात विचारला गेला. मराठी रंगभूमीने त्याचे उत्तर तीस वर्षे आधीच देऊन ठेवले होते. मात्र आपण त्या उत्तराला भलतेच नाव दिले, असे मला वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठी आधी थोडे मागे जायला हवे.

पहिल्यांदा शब्दाविषयी. आपल्याकडे 'शोकांतिका' आणि 'शोकात्मिका' असे दोन शब्द चालतात. शोकांतिका म्हणजे जिचा शेवट दुःखाचा आहे ती. शोकात्मिका म्हणजे दुःख जिच्या आत्म्यातच आहे ती. वर्तमानपत्रे रस्त्यावरच्या अपघातालाही शोकांतिका म्हणतात, आणि बोलण्यात ते खपूनही जाते. नाट्यविचारात मात्र अपघात हा शोकात्मिकेचा विषय नाही. छपराचे कौल डोक्यावर पडून माणूस मेला तर आपण हळहळतो. तोच माणूस, कौल सुटले आहे हे ठाऊक असून, काही कारणाने त्याच जागी उभा राहिला, तर प्रश्न उभा राहतो: तो तिथून हलला का नाही? शोकात्मिका या प्रश्नापासून सुरू होते. म्हणून मी पुढे शोकात्मिका हाच शब्द वापरणार आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या नायकाचे वर्णन केले ते अगदी मोजून मापून. तो पूर्ण सज्जन नको, कारण त्याचा नाश पाहून नुसता संताप येईल. तो पूर्ण दुर्जनही नको, कारण त्याच्या नाशाचे दुःखच होणार नाही. या दोहोंच्या मधला, आपल्यासारखा, पण एखाद्या प्रमादामुळे कोसळणारा असा तो असावा. इथवर सामान्य माणसाला दार उघडे आहे. पण पुढे तो म्हणतो की हा माणूस मोठ्या लौकिकाचा आणि वैभवाचा असावा, आणि उदाहरण देतो ईडिपसचे. विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले आहे. ज्यांना मूळ मांडणी पाहायची असेल त्यांनी ते जरूर वाचावे. वैभवाच्या या अटीमागचे कारण व्यवहारी आहे. उंचावरून पडणारा माणूस लांबून दिसतो, आणि राजा पडला की नगरही हादरते. पुढच्या दोन हजार वर्षांत कारण मागे पडले आणि अट तेवढी उरली. राजे, राजपुत्र, सेनापती यांनाच शोकात्मिकेत मरण्याचा अधिकार, आणि कारकून, दुकानदार, शिपाई यांनी प्रहसनात यायचे, अशी वाटणी होऊन बसली.

आपलीही सुरुवात तशीच झाली. विनायक जनार्दन कीर्तन्यांच्या १८६१ च्या 'थोरले माधवराव पेशवे' या नाटकाचा नायक पेशवा. आगरकरांनी 'विकारविलसित' लिहिले ते हॅम्लेटवरून, म्हणजे राजपुत्रावरून. देवलांचा 'झुंझारराव' ऑथेल्लोवरून, म्हणजे सेनापतीवरून. त्याच देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा' आणली तेव्हा साधे मध्यमवर्गीय घर रंगमंचावर आले खरे, पण शारदा वाचली आणि नाटक सुखान्त झाले. सामान्य घरात दुःख असते, ते दूरही करता येते, असा त्या काळच्या सुधारणेचा विश्वास होता. त्याबद्दल तक्रार नाही. पण घर रंगमंचावर येऊनही शोकात्मिका अजून दाराबाहेरच उभी होती.

आता अमेरिकेकडे वळू. त्या देशात राजे नव्हते, म्हणून तिथल्या नाटककाराला ही अट पाळताच येत नव्हती. युजीन ओनीलने १९२२ च्या 'द हेअरी एप' मध्ये जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा मजूर नायक केला. पुढे १९४१ मध्ये त्याने स्वतःच्या घराचे नाटक लिहिले: कंजूष नट बाप, मॉर्फिनच्या आहारी गेलेली आई, दारुडा थोरला भाऊ आणि क्षयाने खंगणारा धाकटा. 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' हे त्याचे नाव. ते त्याच्या हयातीत रंगमंचावर आले नाही, १९५६ मध्ये आले. टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' ची ब्लांश ही शाळामास्तरीण होती. तेंडुलकरांनी ते नाटक 'वासनाचक्र' या नावाने मराठीत केले. ही सगळी माणसे साधी, पण त्यांच्या नाटककारांनी सिद्धान्त मांडला नाही. तो मांडला आर्थर मिलरने, आणि तोही वर्तमानपत्रातून.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये त्याचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' लागले. दिग्दर्शक इलिया कझान, मुख्य भूमिकेत ली कॉब. कॉब तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होता आणि त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा करत होता. नाटक ७४२ प्रयोग चालले. ते लागल्यावर दोन-अडीच आठवड्यांतच, २७ फेब्रुवारीला, मिलरने 'न्यूयॉर्क टाइम्स' मध्ये 'ट्रॅजडी अँड द कॉमन मॅन' हा लेख लिहिला. छोटासा लेख, पण पुढची पन्नास वर्षे विद्यापीठांतून त्याच्यावर वाद चालले.

नाटक थोडक्यात सांगतो. विली लोमन हा फिरता विक्रेता. आपल्याकडे कंपनीचा एजंट म्हणतात तसा. गौलीगुड्याच्या जुन्या बसस्थानकाचे ते प्रचंड अर्धगोल लोखंडी छप्पर, जे २०१८ साली कोसळले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याच्याखाली दोन्ही हातांत नमुन्यांच्या बॅगा घेऊन औरंगाबाद, नांदेडच्या गाड्यांची वाट पाहत उभी असलेली माणसेही आठवत असतील. विली त्यांच्यातलाच. त्याच्या बॅगांत काय माल आहे हे नाटकात एकदाही कळत नाही. लोकांनी विचारले तेव्हा मिलर म्हणे, की तो स्वतःला विकतो. तीस-पस्तीस वर्षे एका कंपनीत घालवल्यावर आता त्याचा पगार बंद करून नुसत्या कमिशनवर ठेवले आहे. गाडी चालवताना त्याचे भान सुटते. तळघरात गॅसच्या नळीजवळ त्याने रबरी नळीचा तुकडा लपवून ठेवला आहे, आणि बायकोला, लिंडाला, तो सापडला आहे. थोरला मुलगा बिफ चौतिशीत येऊनही कुठे स्थिरावलेला नाही. मालकाच्या मुलाकडे, म्हणजे ज्याचे बारसे झाले तेव्हापासून विली कंपनीत आहे त्याच्याकडे, तो जवळची नेमणूक मागायला जातो आणि नोकरीच घालवून परत येतो. शेवटी वीस हजार डॉलरचा विमा मुलाला मिळावा म्हणून तो गाडी घेऊन निघून जातो, मरायला. अंत्यविधीला घरची माणसे, शेजारी चार्ली आणि त्याचा मुलगा, एवढीच. पंचवीस वर्षे फेडत आणलेल्या घराचा शेवटचा हप्ता त्याच दिवशी भरला जातो.

एवढ्या सारांशावरून हे नाटक गरीब बिचाऱ्या म्हाताऱ्याचे वाटेल, आणि अनेकांना ते तसेच वाटले. मिलरने आत्मचरित्रात एक हकिकत दिली आहे. एका बड्या दुकानाच्या मालकाने, बर्नार्ड गिम्बलने, हे नाटक पाहिले आणि आपल्या दुकानात वयाच्या कारणावरून कोणालाही काढायचे नाही असा हुकूम दिला. मला ही हकिकत आवडते. त्या मालकाचे मन चांगले होते यात शंका नाही. पण नाटक त्याने कसे पाहिले ते पाहा. त्याला त्यात एक समस्या दिसली आणि समस्येवर उपाय दिसला. विलीला निवृत्तिवेतन द्या, संपले.

विली याने वाचला असता का? नाटकातच याचे उत्तर आहे, आणि ते दुसऱ्या अंकातल्या एका साध्या प्रसंगात आहे. नोकरी गेल्यावर विली शेजारी चार्लीच्या कचेरीत जातो. दर आठवड्याला तो चार्लीकडून पन्नास डॉलर उसने आणतो आणि बायकोला पगार म्हणून देतो. चार्ली त्याला त्या दिवशी सरळ नोकरी देऊ करतो. आठवड्याला पन्नास डॉलर, आणि भटकंतीही नाही. विली नाही म्हणतो. उसने घेईन, पण तुझ्याकडे नोकरी करणार नाही. यात व्यवहार अजिबात नाही. पण तो नकार काढून टाका, की नाटकात फक्त कीव उरते. कौल सुटलेले आहे, त्याला माहीत आहे, आणि तो हलत नाही.

मिलरचा लेख नेमके हेच सांगतो. त्याच्या मते शोकात्मिकेचा नायक उंचीने ओळखायचा नाही. जगात आपल्याला जी जागा आहे असे माणूस मानतो, तिच्यावरून त्याला कोणी उठवू लागले, आणि ती सोडण्यापेक्षा जीव गेलेला बरा असे त्याने ठरवले, की तो नायक. त्याचा 'प्रमाद' म्हणजे गप्प बसायला दिलेला नकार. बाकीचे गप्प बसतात, म्हणून ते वाचतात. मिलर आणखी एक भेद करतो. जी लढाई जिंकणे शक्यच नव्हते ती लढणारा केविलवाणा होतो. जिंकता आली असती अशी शक्यता जिवंत असताना हरणारा शोकात्म होतो. म्हणूनच शोकात्मिका ही निराशेची कला नाही असे तो म्हणतो.

या मांडणीवर आक्षेपही आले. एरिक बेंटलीचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. विली समाजाचा बळी असेल तर त्याची फक्त कीव येते, भय वाटत नाही. आणि तो स्वतःच्या दोषाने मरत असेल तर समाजावरची टीका ढिली पडते. सामाजिक नाटक आणि शोकात्मिका एकमेकांचे पाय ओढतात, असे त्याचे म्हणणे. हा प्रश्न सुटला आहे असे मी म्हणणार नाही. पण १९८३ साली मिलर स्वतः बीजिंगला गेला आणि चिनी नटांना घेऊन त्याने हे नाटक बसवले, तेव्हा तिथे फिरता विक्रेता हा धंदाच लोकांना ओळखीचा नव्हता. आयुर्विमा समजावून सांगावा लागला. हप्त्यावरचे घर नव्हते. म्हणजे ज्या समस्येवर गिम्बलसाहेबांनी हुकूम काढला, ती समस्याच तिथे नव्हती. तरीही नाटक पोचले. मुलाने आपल्यासारखे व्हावे म्हणून त्याच्या मानगुटीवर बसलेला बाप त्यांना ठाऊक होता.

नावाविषयी थोडेसे. 'लोमन' म्हणजे 'लो मॅन', खालचा माणूस, असे वर्गात हमखास शिकवतात. मिलरने मात्र ते नाव फ्रिट्झ लांगच्या एका जर्मन चित्रपटातल्या पात्रावरून आल्याचे सांगितले आहे. प्राध्यापकमंडळींनी, त्यात मीही आलो, नावांतून अर्थ काढण्याचा उत्साह थोडा आवरावा.

आता आपल्या घरी. 'सेल्समन' च्या बरोबर तीस वर्षे आधी, आणि तेही फेब्रुवारीतच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात 'एकच प्याला' चा पहिला प्रयोग केला. लेखक राम गणेश गडकरी त्याच्या महिनाभर आधी, २३ जानेवारीला, सावनेरला वारले होते. वय तेहतीस. नाटकातली पदेही त्यांना रचता आली नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. सुधाकर झाले गणपतराव बोडस आणि सिंधू बालगंधर्व.

सुधाकर कोण? वकील. राजा नाही, सरदार नाही, सुधारक पुढारीही नाही. बुद्धीने हुशार, स्वभावाने मानी आणि तापट. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. ही एवढी छोटी ठिणगी आहे. त्याच्या तळमळीवर औषध म्हणून त्याचा कारकून तळीराम पहिला प्याला पुढे करतो. पुढचे आपल्याला पाठ आहे: संसाराची धूळधाण, सिंधूचे दळण दळून पोट भरणे, नशेत मुलाचा मृत्यू, सिंधूचा मृत्यू आणि शेवटच्या प्याल्यात विष कालवून सुधाकराने केलेला स्वतःचा शेवट.

या नाटकावर 'दारूबंदीचे नाटक' हा शिक्का बसला तो कायमचा. शाळेच्या क्रमिक पुस्तकांपासून व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांपर्यंत त्याचा उपयोग झाला, आणि त्यात वावगे काही नाही. गडकऱ्यांनीही दारूचे दुष्परिणाम दाखवण्यात हात आखडता घेतला नाही. आर्यमदिरामंडळाच्या हसवणाऱ्या प्रवेशांमागेही तोच हेतू आहे. पण याच शिक्क्यामुळे एक आक्षेप जन्माला आला. एका प्याल्याने एवढा शहाणा माणूस इतका घसरतो हे पटत नाही, असा तो आक्षेप. दारू हे कारण मानले तर तो खराच आहे. एका प्याल्याने कोणी सुधाकर होत नाही.

मग दारूऐवजी सुधाकराचे नकार मोजून पाहा. मुन्सफासमोर मान खाली घालायला नकार. ही सनद सहा-आठ महिन्यांनी परत मिळेल, तोवर दम धरू, असा विचार करायला नकार. सासुरवाडीच्या पैशाला नकार, आणि तो एवढा कडक की माहेरची मदत न घेण्याची शपथ सिंधूवर पडते व ती शेवटपर्यंत तिला जागते. रामलालसारख्या जिवलग मित्राच्या उपकाराला नकार. आणि सर्वांत महत्त्वाचे, मध्ये तो दारू सोडतो. निश्चय करून सोडतो, कामासाठी प्रतिष्ठितांच्या दारात जातो, आणि तिथे त्याला ऐकवले जाते ते ऐकून परत येतो. लढाई जिंकता आली असती अशी ही घटका आहे. मिलरचा भेद लावायचा तर इथे नाटक केविलवाणेपणातून बाहेर पडते. दारू सुटली होती, अपमान सुटला नव्हता. चार्लीची नोकरी नाकारणारा विली आणि उपकार नाकारणारा सुधाकर यांना एका शेजारी बसवले, तर एकाला दारूचा आणि दुसऱ्याला भांडवलशाहीचा बळी म्हणून मोकळे होता येत नाही. दोघांचेही स्वतःविषयी एक चित्र आहे, जगाने ते फाडले आहे, आणि फाटलेले चित्र खाली ठेवायला दोघेही तयार नाहीत.

व्यसनाच्या तीन अवस्था समजावून सांगणारे सुधाकराचे ते लांब स्वगतवजा भाषण आठवा. ते नेहमी व्यसनाविरुद्धचा उपदेश म्हणून म्हटले जाते, वक्तृत्वस्पर्धांत तर हमखास. पण उपदेश करणारा माणूस उपदेशाच्या बाहेर उभा असतो. सुधाकर आत बुडालेला आहे आणि बुडणे कसे असते ते वकिली नेटकेपणाने सांगतो आहे. ज्याला अ‍ॅरिस्टॉटल प्रत्यभिज्ञा म्हणेल, सत्याची ओळख, ती इथे आहे. विलीला ही ओळख शेवटपर्यंत नीट होत नाही. मुलगा बिफ त्याच्या गळ्यात पडून रडतो, आपण दोघेही अगदी साधी माणसे आहोत हे सांगतो, आणि विली त्यातून एवढेच घेतो की मुलाचे आपल्यावर प्रेम आहे. या एका बाबतीत गडकऱ्यांचा वकील मिलरच्या विक्रेत्यापेक्षा शोकात्मिकेच्या अधिक जवळ आहे, असे माझे मत आहे. बाकी बाबतीत 'एकच प्याला' विस्कळीत आहे, भाषा अलंकारांनी ओथंबलेली आहे आणि शरद-भगीरथाचे उपकथानक आज कंटाळवाणे होते. हेही सांगितले पाहिजे.

इथे एक अडचण येते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नाही. मराठी प्रेक्षक रडला तो सुधाकरासाठी नाही, सिंधूसाठी. जात्यावर बसलेले बालगंधर्व लोकांच्या मनात असे ठसले की नाटकाची नायिका तीच झाली. तिने मार खाऊनही फौजदारापुढे नवऱ्याला वाचवणारी साक्ष द्यावी, यावर एका पिढीने डोळे पुसले आणि दुसऱ्या पिढीने हात कपाळाला लावला. सामान्य 'माणसाच्या' मानाची किंमत कोण भरते, हा तो प्रश्न. लिंडाही तीच किंमत भरते. मिलर तिला एक भाषण देतो. माझा नवरा थोर नाही, पण तो माणूस आहे आणि त्याच्याकडे लक्ष दिलेच पाहिजे, अशा आशयाचे. तिच्याकडे कोण लक्ष देणार हे मात्र नाटक विचारत नाही. मराठीत हे विचारले गेले ते १९६७ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये. लीला बेणारे ही शिक्षिका कोणाच्याही मानासाठी झिजायला तयार नाही, तिला स्वतःचाच मान हवा आहे. मिलरची व्याख्या बेणारेला सिंधूपेक्षा चपखल बसते. सिंधू सोसते, आणि नुसते सोसणाऱ्याला मिलरच्या नायकांत जागा नाही. या व्याख्येत काही कमी आहे का, हे श्रोत्यांनी ठरवावे. मला ती कमी वाटते.

समस्येने शोकात्मिका गिळल्याचे दुसरे मोठे उदाहरण 'नटसम्राट'. २३ डिसेंबर १९७० ला पहिला प्रयोग, धी गोवा हिंदु असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन, डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग. गणपतराव बेलवलकर हे निवृत्त नट, मध्यमवर्गीय गृहस्थ. मागे राजा लिअर उभा आहे हे खरे, पण राज्य म्हणून वाटायला अप्पांकडे आहे ती नाटकाच्या कमाईची शिल्लक. हे नाटक आपण कृतघ्न मुलांचे म्हणून लक्षात ठेवले. वृद्धाश्रमाच्या प्रत्येक चर्चेत त्याचा दाखला निघतो. पण मुलगी आणि सून या काही राक्षसिणी नाहीत. छोट्या घरात, नोकरदार संसारात, रात्रंदिवस राजाच्या आवाजात बोलणारा माणूस सांभाळणे अवघड असते, हे शिरवाडकरांनी दाखवले आहे. अप्पा भूमिका उतरवत नाहीत. रंगमंच सोडल्यावरही सम्राटपद सोडायचे नाही, हा त्यांचा नकार. तो दिसला की नाटक मुलांविरुद्धच्या तक्रारीच्या पलीकडे जाते. तो दिसला नाही की ते तक्रारच राहते.

एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' कडे धावतच जातो, कारण तिथे प्रश्नच बदलतो. १९८५ च्या या नाटकात विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यात कोणीच नायक नाही. थोरला भास्कर मानाचे ओझे वाहतो, पण त्यासाठी मरत नाही. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे आणि पायाची जखम चिघळत असलेला चंदू मुकाट राबतो आहे. मिलरला हवा असलेला नकार कोणाच्याच अंगात उरलेला नाही, आणि तेच त्या घराचे दुःख आहे. याला शोकात्मिका म्हणावे की दुसरा काही शब्द शोधावा, हा एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

शेवटी आपल्या शहराविषयी बोलतो. कारण सामान्य माणसाची शोकात्मिका फक्त मुंबई-पुण्यात आणि न्यूयॉर्कमध्येच घडते असे नाही. 'एकच प्याला' चा पहिला प्रयोग झाला त्याच वर्षी, १९१९ मध्ये, इथे उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, उर्दू माध्यमातून. निजामाच्या राज्यातली कचेरीची आणि वरच्या न्यायालयांची भाषा उर्दू. त्यामुळे गौलीगुडा, सुलतानबाजार, काचिगुडा या भागांतल्या मराठी घरांत एक विशिष्ट प्रकारचा माणूस तयार झाला. घरी मराठी, पूजेत संस्कृत आणि दफ्तरात अस्खलित उर्दू. त्याचे कसब, त्याची पत, त्याचे अक्षरसुद्धा उर्दूत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले, कचेरीची भाषाही बदलली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि नोकरदारांची वाटणी तीन राज्यांत झाली. हे सगळे इतिहासाला धरून आणि बहुतांशी योग्यच झाले. संस्थान संपण्यासाठी याच वस्तीतले लोक तुरुंगात गेले होते.

पण पंचेचाळीस वर्षांच्या एखाद्या पेशकाराचा विचार करा. राज्य बदलल्याचा त्याला मनापासून आनंद आहे. कदाचित त्याच्या धाकट्या भावाने त्यासाठी मार खाल्ला आहे. आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येते की ज्या भाषेतला मसुदा पाहून साहेब खूश होत असे, ती भाषा आता कोणी मागत नाही. कालचा पोरगा इंग्रजीत टिपण लिहून पुढे जातो आहे. मुलगा म्हणतो, बाबा, लवकर सुट्टी घ्या, मी आहे ना. भाऊ म्हणतो, औरंगाबादला चला, तिथे आपली भाषा आहे. हे दोन्ही मार्ग बरे आहेत. त्याने दोन्ही नाकारले तर काय होईल? विलीसारखा तो फसवणूक विकत नव्हता, आणि सुधाकरासारखा कोणी त्याचा अपमानही केला नाही. ज्या बदलाची त्याने वाट पाहिली त्याच बदलाने त्याची जागा काढून घेतली. इथे खलनायक नाही, दारू नाही, कृतघ्न मुले नाहीत. म्हणजे ज्यावर बोट ठेवून नाटक 'समस्या' म्हणून मिटवता येईल असे काहीच नाही.

हे नाटक लिहिणाऱ्याला भाषेचे काम जड जाईल. तो माणूस घरी जे मराठी बोलतो त्यात तनखा, रुखसत, तजवीज, मुन्शी हे शब्द इतके मिसळलेले आहेत की पुण्याचा नट ते विनोदी ढंगाने म्हणेल, आणि प्रेक्षक पहिल्याच प्रवेशाला हसतील. सामान्य माणूस पुन्हा प्रहसनात जाईल. ते हसू पहिल्या अंकातच थांबवायचे कसे, याचा विचार इथल्याच कोणातरी लेखकाला करावा लागेल. ते शब्द इथल्या आजी-आजोबांच्या तोंडी त्याने ऐकलेले असतात, त्याला ते हास्यास्पद वाटत नाहीत.